जावळ्यांचं जावळ

(कोल्हापूर, शिवाजी पेठेतलं जुनं घर, सोप्यात पाट मांडलाय)

मामा एकच आणि भाचे दोन, म्हणून एक डाव्या मांडीवर न् एक उजव्या, आणि कात्री आधी कुणाच्या डोक्याला लावायची यावर दोन दिवस घरात चर्चा. तेवढ्यात आज्जी आतून म्हणाल्या, "आमच्या जावळ्यांचं जावळ हाय आज."

परत ऐका ते वाक्य. जावळ म्हणजे बाळाचे जन्मापासूनचे केस. आणि जावळी म्हणजे जुळी पोरं. कॅमेऱ्यामागं आम्ही तिघं होतो, तिघांनाही हा दुसरा शब्द नवा.

(कपिलतीर्थ मार्केट, केळ्यांची गाडी)

हे बघा, दोन केळी एकमेकांना चिकटलेली. केळीवाल्या मावशी म्हणतात, "हे जावळं केळं, नव्या सुनेला दीत न्हाईत, जावळी पोरं हुत्यात म्हणं." केळ्यानं तसलं काही होत नाही, पण या समजुतीनं निदान शब्द तरी जपून ठेवलाय.

(शब्दकोशाच्या पानावरून फिरणारं बोट)

दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ पासून खंडाखंडानं निघालेला. संस्कृतात जुळ्यांना यमल म्हणतात, कृष्णानं उखळ ओढत नेऊन पाडलेली ती यमलार्जुनाची दोन झाडं, त्यातला हाच यमल. आता मराठीत य चा ज होतो, यात्रेची जत्रा झाली तसा, आपल्या जोतिबाची जत्रा म्हणतोच की आपण. म चा व होतो, ग्रामचं गाव, नामचं नाव. ल चा ळ, फलाचं फळ. झालं, यमलचं जावळं! म्हणजे आज्जी जे बोलल्या ते अडाणी बोलणं नाही, शेकडो वर्षं घासून गुळगुळीत झालेला शब्द आहे तो.

आणि जुळं? ते वेगळं, युगल या शब्दातनं आलेलं. जुळे भाऊ, जुळ्या बहिणी, तिघं असली की तिळी. सोलापुरात तर अख्खा भागच आहे, जुळे सोलापूर. या शब्दाला जुळणं या क्रियापदाची साथ मिळाली, लग्न जुळतं, पत्रिका जुळते, सूर जुळतात, त्यामुळं तो रोज तोंडात राहिला. जावळ्याला तसं कुणी सोबतीला नाही, आम्हाला तरी त्याचं मागं पडणं त्यामुळंच वाटतं.

दवाखान्याच्या फायलीत ट्विन वन, ट्विन टू, घरी पण आता ट्विन्सच.

(परत सोपा. कात्रीचा आवाज)

धाकटा रडायला लागला की थोरला पण रडतोय. आत्यानं पदर पसरलाय, दोघांचं जावळ त्या एकाच पदरात पडतंय, कुठले केस कुणाचे ते आता आत्यालाही सांगता येणार नाही.