भाद्रपदातली कुत्री, मार्गशीर्षातली पिल्लं

(पहाट. हर्णैचा किनारा. समोर अंधुक सुवर्णदुर्ग.)

अजून उजाडायचंय. डोंगराकडून समुद्राकडे मतलई वारा सुटलाय. लिलावाची गर्दी व्हायला वेळ आहे. जाळ्यांच्या ढिगात एक तांबूस कुत्री मुटकुळं करून पडलीय, नाक शेपटीखाली. पोटाशी पाच पिल्लं.

थंडी पडली की कोकणात सगळ्यांच्या नजरा मोहोराकडे. यंदा आंबा धरेल का, एवढाच प्रश्न. कुत्र्यालाही थंडी वाजते, हे कोणाच्या गावीही नसतं. इथली थंडी ती काय, असं वर म्हणायचं! तेही खोटं नाही. दापोलीला थोडीफार हुडहुडी भरते, खाली किनाऱ्यावर तेवढीही नाही. पण दव पडतं. जाळी ओली, वाळू ओली, सारवलेलं अंगण गार. कुत्र्याचं अंग आपल्याहून गरम, 38 ते 39 अंश सेल्सिअस. ती ऊब रात्रभर ओल्या जमिनीत जिरत राहते. त्यात गावठी कुत्र्याची लव आखूड.

(पिल्लं जवळून. एक बाजूला सुटलेलं.)

भाद्रपदात कुत्री माजावर येतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पुढचा हिशेब मात्र कोणी करत नाही. कुत्रीचे दिवस साधारण 63. म्हणजे पिल्लं जन्मतात ती कार्तिक-मार्गशीर्षात, ऐन गारठ्याच्या तोंडावर. आणि नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. कुडकुडायचंही त्याला अजून जमत नाही.

असं थंडगार पडलेलं पिल्लू दिसलं की आपण काय करतो? वाटीत दूध आणतो. तिथेच चुकतं. गारठलेल्या पिल्लाचं पोट चालत नाही. दूध पचत नाही, उलट श्वासनलिकेत जायची भीती. आधी ऊब द्यायची, तीही सावकाश. फडक्यात गुंडाळून छातीशी धरा, किंवा कोमट पाण्याची बाटली कापडात बांधून शेजारी ठेवा. शेकोटीजवळ नेऊ नका, कातडी भाजते. अंग गरम झालं, तोंड हलवायला लागलं, की त्याला आईच्या आचळाशी लावा.

(एक म्हातारी पेंढ्याचा भारा घेऊन येते.)

भात झोडून झालेलं असतं, त्यामुळे पेंढ्याला या दिवसांत तोटा नाही. गोणपाट टाकणारे पुष्कळ भेटतात, पण गोणपाट दव पितं आणि ओलंच राहतं. पेंढा कोरडा राहतो, कुत्रं त्यात स्वतःला पुरून घेतं. ही आजी माशांचा जुना क्रेट आडवा करते, वरून फाटकी ताडपत्री टाकते आणि तळाशी फळी घालून तीवर पेंढा भरते. क्रेटचं तोंड समुद्राकडे, कारण पहाटेचा वारा मागून येतो. हे तिला कोणी शिकवलेलं नाही.

(दापोलीजवळचं घर. चुलीच्या राखेत म्हातारं कुत्रं.)

म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे सकाळी धरतात. त्याला राखेतून हाकलू नका, फक्त झोपण्याआधी आत निखारा नाही ना, एवढं बघा. लंगडतोय म्हणून घरातली दुखण्याची गोळी मात्र देऊ नका. आपली साधी गोळी त्याला विष ठरू शकते. पशुवैद्यकाला विचारा. पिल्लांची पहिली लसही त्यांच्याकडेच, साधारण सहा ते आठ आठवड्यांची झाली की. पार्व्हो या विषाणूची रक्ताची हगवण लागली, तर पेंढा काय करणार?

किनाऱ्यावर सुट्टीला आलेले काही कुत्रे स्वेटर घालून लाटांत खेळतात. बघायला मजा वाटते. पण ओला स्वेटर नुसत्या अंगापेक्षा वाईट. तो काढा, गोड्या पाण्याने खार धुवा, पंच्याने अंग कोरडं करा.

(ऊन वाळूवर आलंय.)

आजी क्रेट उन्हात सरकवते. कुत्री बाहेर येते, अंग झाडते, आणि पिल्लं चिवचिवत असताना सरळ टोपलीतल्या बोंबलांकडे बघत बसते.