काजळी, डिंक आणि खोक्याचा पुठ्ठा

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात जेम्स कॅसल नावाचे चित्रकार होऊन गेले, १८९९ ते १९७७. जन्मापासून बहिरे. चित्रकला त्यांना कोणी शिकवली नाही. चुलीची काजळी थुंकीत कालवायची, टोक काढलेली काटकी त्यात बुडवायची आणि टाकाऊ खोक्यांवर घरं, खोल्या, कुंपणं रेखाटायची. त्या चित्रांतले करडे रंग फार हळुवार आहेत. आज तशीच काजळीची शाई घरी करू.

थुंकी कशासाठी? नुसती काजळी कागदाला धरत नाही, तिला चिकटवायला काहीतरी लागतं. आपण थुंकीऐवजी बाभळीचा डिंक घेऊ. पुण्यात रविवार पेठेत काष्ठौषधींच्या दुकानात मागा. लाडवांचा डिंक बरेचदा धावड्याचा असतो, तो पूर्ण विरघळत नाही. कतिरा डिंक तर पाण्यात नुसताच फुगतो. एक भाग कुटलेला डिंक दोन भाग कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मलमलीतून गाळा.

काजळीसाठी तिळाच्या तेलाचा दिवा, वात जाड. वर स्टीलची ताटली अशी धरा, की ज्योतीचं टोक तिला चाटेल. ताटली उंच गेली तर काजळी हवेतच जळून जाते. एका दिव्याची काजळी चिमूटभरच भरते, तेव्हा चार दिवे लावा. काजळी तेलकट असते, थेट पाण्यात टाकलीत तर तरंगत राहते. म्हणून खलात आधी घट्ट डिंकपाणी थेंबथेंब घालत किमान अर्धा तास घोटा, पाणी त्यानंतर. घोटण्यात घाई केली की रेघेत कण उमटतात.

रेघ वाळल्यावर बोट फिरवा. काळं लागलं तर डिंक कमी पडला. रेघ चकाकली आणि कागद वाकवताना तडकली, तर जास्त झाला. पुण्याच्या पावसाळ्यात या शाईला बुरशी लवकर धरते, त्यामुळे थोडीच करा किंवा शिंपल्यात वाळवून वडी ठेवा. ओला कुंचला फिरवला की पुन्हा शाई.

लिहायला बोरू उत्तम, पण खराट्याची तिरपी कापलेली काडीही चालते. मिठाईच्या खोक्याची आतली, चकाकी नसलेली बाजू घ्या, गुळगुळीत लग्नपत्रिकेवर शाई थेंब होऊन गोळा होते. हा पुठ्ठा मात्र उन्हात पिवळा पडतो. चित्र टिकवायचं असेल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला चिंध्यांपासून केलेला कागद घ्या. पिवळ्या रंगासाठी हळद वापराल, तर चित्र खिडकीसमोर लावू नका. ती उजेडात लवकर उडते. काजळीचा काळा मात्र उडत नाही.