वाशाएवढी खोली

(झांझिबारच्या स्टोन टाऊनवरील लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: अंधारा, अरुंद जिना. वरच्या मजल्यावरची खोली. कॅमेरा छताकडे वळतो.]

या खोलीत आलात की आधी वर बघा. छताला ओळीनं वासे आहेत. गोल, साल काढलेले, कुठे जरासे वाकलेले, वयानं काळपट झालेले. प्रत्येकाचं एक टोक या भिंतीत आणि दुसरं समोरच्या भिंतीत. दोन भिंतींमधलं अंतर अडीच ते तीन मीटर. शेजारची खोली लांबीला दुप्पट आहे, पण रुंदी एवढीच. गल्ली ओलांडून समोरच्या घरात जा, तिथंही एवढीच. व्यापाऱ्याचा दिवाणखाना असो की खालची गोदामाची खोली, रुंदी काही बदलत नाही.

ही रुंदी झाडानं ठरवली आहे.

[दृश्य: समुद्रावरून दिसणारं शहर. पांढुरक्या भिंती, गंजलेले पत्रे, समोरून सरकणारं एक शीड.]

झांझिबार. टांझानियाच्या किनाऱ्याजवळचं, विषुववृत्ताच्या सहा अंश दक्षिणेचं बेट. त्याच्या पश्चिम काठावर हे जुनं शहर वसलं आहे. जग त्याला स्टोन टाऊन म्हणून ओळखतं. स्वाहिलीत त्याचं नाव ‘म्जी म्कोंग्वे’, म्हणजे जुनं गाव. इथं सुमारे १,७०० इमारती आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या. ओमानचा सुलतान सय्यद सईद यानं १८४० च्या सुमारास आपली राजधानी मस्कतहून इथं आणली. लवंगेच्या बागा, हस्तिदंत आणि गुलामांचा व्यापार यांतून पैसा आला, आणि त्या पैशातून ही घरं उभी राहिली. २००० साली युनेस्कोनं या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

पण आपल्याला त्या वाशाकडे परत जायचं आहे.

[दृश्य: कांदळवन. भरतीचं पाणी, चिखलात रोवलेली मुळं. मग वखारीत रचलेले वासे.]

हे कांदळाचं लाकूड. खाऱ्या चिखलात वाढणारं, जड, घट्ट, वाळवीला सहजासहजी दाद न देणारं. स्वाहिलीत या वाशाला ‘बोरीती’ म्हणतात. मुख्य भूमीवर रुफिजी नदी समुद्राला मिळते, तिथल्या विस्तीर्ण कांदळवनातून हे वासे तोडून आणत. घरासाठी लागेल इतका सरळ आणि जाड भाग झाडातून निघतो तो एवढाच. तो दोन्हीकडे भिंतीत खोल रुतवायचा, म्हणजे मध्ये उरते ती ही खोली.

आणि हे फक्त झांझिबारपुरतं नाही. शिडाची गलबतं ईशान्य मोसमी वाऱ्यावर इकडे येत, नैर्ऋत्य वारा धरून परत जात, आणि परतताना हेच वासे अरबस्तानात आणि आखातात नेत. तिथं वाळवंट, लाकूड कुठून मिळणार? म्हणून कुवेत, बहारीन, मस्कत इथल्या जुन्या घरांतही खोल्या अशाच लांबट आणि अरुंद आढळतात. एका नदीच्या मुखाशी वाढलेल्या झाडानं समुद्राच्या दोन्ही काठांवरच्या माणसांना किती जागेत झोपायचं ते सांगितलं. मला तरी या शहराबद्दल याहून मोठी गोष्ट माहीत नाही.

[दृश्य: फुटक्या भिंतीचा जवळून घेतलेला तुकडा. दगडात शिंपल्याची नक्षी.]

आता भिंत. हा दगड कधीकाळी जिवंत होता. बेटच प्रवाळाचं आहे. खणलं की हाच भुसभुशीत, भोकाभोकांचा, हलका दगड लागतो. तो नीट घडवता येत नाही, त्याला धारदार कोपरे निघत नाहीत. म्हणून भिंत जाड करायची, अर्धा मीटर किंवा त्याहूनही जास्त, आणि वेड्यावाकड्या दगडांना एकत्र धरून ठेवायचं काम चुन्यावर सोपवायचं.

[दृश्य: चुन्याची भट्टी रचली जाते. हा प्रसंग सावकाश चालू द्यावा.]

चुनाही प्रवाळाचाच. ही भट्टी बघा. इथं विटांचं बांधकाम नाही, धुराडं नाही. ओंडके गोलाकार रचत जायचे, थरावर थर, मधोमध पोकळी ठेवून. वरती प्रवाळाचे तुकडे. पोकळीतून आग लावली की ढीग आतून पेटतो, लाकूड जळत खाली बसत जातं आणि त्याबरोबर भाजलेला दगडही खाली उतरतो. आग विझल्यावर उरते ती पांढरी चुनकळी. तिच्यावर पाणी पडलं की ती तडतडते, फुगते, वाफ सोडते आणि विरते.

मग तिला मुरू द्यायचं. घाई केली तर आत न विरलेले कण राहतात आणि ते गिलाव्यात नंतर फुटतात, भिंतीवर पुळ्या आल्यासारख्या दिसतात. इथल्या गवंड्याला, ‘फुंडी’ला, हे बोटांनी कळतं. तो लगदा चिमटीत घेतो, चोळतो आणि मान हलवतो. अजून नाही. वाळू, लाल माती आणि हा मुरलेला चुना कालवून भिंत रचायची, आणि शुद्ध चुना अगदी शेवटी, अंगावरच्या वस्त्रासारखा.

वाशांवर प्रवाळाच्या सपाट चिपा आडव्या मांडतात. त्यांच्यावर चुना आणि दगडाच्या बारीक खड्यांचा थर, आणि तो थर लाकडी चोपण्यांनी चोपायचा. पुन्हा चोपायचा. आणखी चोपायचा. आतलं पाणी वर येईपर्यंत आणि थर दगडासारखा होईपर्यंत. ही झाली जमीन, आणि सगळ्यात वर हीच झाली गच्ची. वजन प्रचंड. म्हणून वासे इतके जवळजवळ.

या जाड भिंती दुपारचं ऊन दिवसभर बाहेर थोपवून धरतात. चुना श्वास घेतो. पावसात भिंतीत शिरलेला ओलावा ऊन पडलं की त्यातूनच बाहेर पडतो. मार्च ते मेपर्यंत इथं मोठा पाऊस असतो, मग वर्षाअखेरीस लहान पाऊस. भिंत भिजते, सुकते, भिजते, सुकते. दर काही वर्षांनी सफेदी आणि गच्चीची डागडुजी. एवढी देखभाल झाली की घर शतकभर उभं राहतं.

[दृश्य: गल्ल्या. सावली. ओट्यांवर बसलेली माणसं, कॉफीचे छोटे पेले.]

गल्ली इतकी अरुंद आहे की दोन्ही बाजूंची घरं एकमेकांना सावली देतात. घराच्या भिंतीलगत चुन्याचा बांधलेला ओटा, त्याला ‘बराझा’ म्हणतात. पाहुण्याला घरात न नेता इथंच बसवता येतं. संध्याकाळी गप्पा इथं, पाऊस आला तर पाणी गल्लीतून वाहत असताना ओट्याओट्यावरून चालत जाणंही इथूनच. ओमानी पद्धतीचं घर बाहेरून कोरं, गप्प. त्याचा सगळा कारभार आतल्या चौकात. सगळा थाट एकाच ठिकाणी, दारात.

[दृश्य: दारं. एकामागून एक. पितळी खिळ्यांवर ऊन.]

इथं सांगतात, की पूर्वी दार आधी घडवून घेत आणि मग त्याच्याभोवती घर बांधत. दार पाहिलं की ते खरं वाटतं. सागवानी चौकट, तिच्यावर नक्षीचे दोन-तीन पट्टे. चौकटीच्या कडेनं साखळीची नक्षी, तळाशी मासे आणि पाण्याच्या लाटा, त्यांतून वर चढत जाणारी वेल, कमळ. वरच्या पट्टीवर अरबी अक्षरं, बहुधा कुराणातलं वचन. मध्ये उभी कोरीव पट्टी, एका झडपेला ठोकलेली. दोन झडपांपैकी एकीला नर म्हणतात आणि दुसरीला मादी.

जुनी दारं वरून सपाट, चौकोनी, नक्षी भौमितिक. सय्यद सईदचा मुलगा सुलतान बरघश याच्या काळापासून कमान आली, फुलं दाट झाली, हिंदुस्थानी हात दिसू लागला. बाजाराच्या गल्लीत गुजराती दारं वेगळी ओळखू येतात. छोट्या चौकोनी फळ्या, घडीच्या झडपा, खिळ्यांच्या रांगा. सकाळी ती एकेक घडी दुमडत उघडतात आणि अख्खं दुकान गल्लीत येतं. दारावरचे हे टोकदार पितळी खिळे हिंदुस्थानात हत्तीची धडक थोपवायला होते, असं म्हणतात. झांझिबारमध्ये ते शोभेला उरले.

आम्ही दोन दिवस फक्त दारं टिपली. तरी बरीच राहिली.

[दृश्य: जुना दवाखाना. लाकडी सज्जे, रंगीत काचा, समोर बंदर.]

बंदरासमोरची ही इमारत मात्र गप्प राहणाऱ्यांतली नाही. कच्छहून आलेला थारिया टोपन इथं जकातीच्या कारभारातून धनाढ्य झाला. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यानं हिचा पाया घातला. इमारत पुरी व्हायला १८९४ उजाडलं, आणि तोवर तो हयात नव्हता. हे सज्जे बघा. लाकडातली जाळी इतकी बारीक की वारा आत येतो, ऊन बाहेर राहतं, आणि आतली माणसं न दिसता रस्ता पाहू शकतात. पुढे इथं धर्मादाय दवाखाना चालला. नंतर ती ओस पडली. १९९० च्या दशकात आगा खान ट्रस्ट फॉर कल्चरनं तिची दुरुस्ती केली, आणि आज तुम्ही पाहता ते लाकूडकाम त्या दुरुस्तीमुळे जागेवर आहे.

[दृश्य: कॅथेड्रलचा अंतर्भाग. लांब, गोलाकार छत.]

आणि हे छत. अँग्लिकन कॅथेड्रल, बांधकाम १८७३ साली सुरू झालं. इथं वाशांची मर्यादा ओलांडली आहे. प्रवाळाचे तुकडे आणि सिमेंट एकत्र ओतून अख्खी कमान सलग केली, अर्धं कापलेलं पिंप उपडं ठेवावं तशी. ते टिकणार नाही असं तेव्हा अनेकांना वाटलं होतं. ते टिकलं. काही खांब कारागिरांनी उलटे बसवले अशी कथा इथले वाटाडे रंगवून सांगतात. ही जागा म्हणजे गुलामांचा बाजार, तो १८७३ सालीच बंद झाला.

[दृश्य: ‘बैत अल अजायब’. जुनी छायाचित्रं, मग आजचं चित्रण: मचाण, पत्र्याचं कुंपण.]

सुलतान बरघशनं १८८३ साली बांधलेला हा महाल. बैत अल अजायब, अचंब्याचं घर. भावाविरुद्धचं बंड फसल्यावर १८५९ नंतर बरघश दोनेक वर्षं मुंबईत हद्दपारीत होता. त्या शहरात पाहिलेलं त्याच्या मनात राहिलं असावं. परत येऊन सुलतान झाल्यावर त्यानं झांझिबारमध्ये नळानं पाणी आणलं आणि हा महाल उभारला. भिंती त्याच प्रवाळाच्या, पण चारही बाजूंनी बिडाच्या उंच खांबांवर रुंद सज्जे. वीज आली, लिफ्ट आली. २७ ऑगस्ट १८९६ रोजी ब्रिटिश युद्धनौकांनी जेमतेम पाऊण तास तोफा डागल्या, शेजारचा महाल जमीनदोस्त झाला, हा उभा राहिला. पुढच्याच वर्षी त्याच्या दर्शनी भागात घड्याळाचा मनोरा आला.

२५ डिसेंबर २०२० रोजी, दुरुस्ती चालू असतानाच, मनोऱ्यासकट दर्शनी भागाचा मोठा हिस्सा कोसळला आणि दोन माणसं दगावली.

[दृश्य: मचाणावरून घेतलेली पडझड. निवेदन थांबवावं. इथला आवाज तसाच ठेवावा.]

[दृश्य: एका घराच्या गच्चीखालची खोली. ओल, वाशाचं कुजलेलं टोक.]

अशी पडझड सुरू होते ती इथून. पाणी वरून येतं. गच्चीच्या चुन्याला तडा गेलेला असतो, किंवा तिच्यावर नंतर घातलेल्या पत्र्याची पन्हळ फुटलेली असते. पाणी भिंतीत उतरतं आणि वाशाच्या टोकाशी साचतं. वासा मधोमध अजून ठणठणीत असतो, पण भिंतीतलं टोक पिठासारखं झालेलं. हेच टोक दोन भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवत होतं. ते सुटलं की भिंत हळूहळू बाहेर झुकते.

१९६४ च्या क्रांतीनंतर इथली बरीच घरं सरकारजमा झाली आणि एकेका घरात अनेक कुटुंबं भाड्यानं आली. गच्ची मात्र कुणाचीच राहिली नाही. सफेदी थांबली. आणि मग सिमेंट आलं.

सिमेंटबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. ओली भिंत दिसली की तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारायचा, हे वरवर शहाणपणाचं वाटतं. पण सिमेंट ओलावा आत कोंडतं. प्रवाळाच्या दगडात आणि समुद्राच्या हवेत मीठ असतंच, ते गिलाव्यामागे साठतं, दगड पोखरतं, आणि काही वर्षांनी गिलावा पापुद्र्यासारखा सुटून येतो, मागची भिंत घेऊनच. हे पाहा. हाताचा नुसता धक्का पुरतो.

१९८५ साली स्टोन टाऊनच्या जतनासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झालं, १९९४ साली आराखडा आला. नियम आहेत. पण नियम मचाणावर चढत नाही, तिथं चुना ओळखणारा फुंडीच लागतो.

[दृश्य: तीच पहिली खोली. खालून टेकू दिलेले. दोन माणसं नवा वासा उचलतात.]

कुजलेला वासा काढला आहे. भिंतीतली खाच मोकळी करून घासली आहे. नवा वासा तिरका धरून एक टोक खोल आत सरकवायचं, मग दुसरं टोक समोरच्या खाचेत, आणि पुन्हा थोडं मागे ओढायचं, दोन्हीकडे सारखं येईपर्यंत. मोजपट्टी नाही. मोठा फुंडी खालून बोटानं खूण करतो, वरचा मुलगा ढकलतो.

खाचेत दगडाच्या चिपा ठोकतात. त्यांच्यामध्ये चुना दाबतात, थापीनं, आणि जिथं थापी पोचत नाही तिथं अंगठ्यानं. चुना घाईनं सुकला तर तडकतो, म्हणून वरून ओलं पोतं.

उद्या सकाळी ते पोतं पुन्हा भिजवायचं आहे.