दिल्लीचा हरवलेला बुरूज

मंडळी, आमच्या माझगावच्या घरात भिंतीवर देवांच्या तसबिरींशेजारी एका जहाजाचा फोटो होता. वडील नौदलाच्या गोदीत फिटर होते आणि फोटो होता आयएनएस दिल्लीचा. लहानपणी मी त्या जहाजाच्या तोफा मोजायचो. पुढच्या डेकवर जोडतोफांचे दोन बुरूज, मागचा पुढच्याच्या डोक्यावरून पाहणारा. मागच्या बाजूला मात्र एकच. मी एकदा विचारलं, "बाबा, इथला दुसरा कुठे गेला?" ते म्हणाले, "तो आपल्याकडे यायच्या आधीच गेला. लढाईत." पुढे ते काही बोलले नाहीत. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला आणि आज जे सांगणार आहे ते सगळं त्या एका मोकळ्या जागेपासून सुरू होतं.

दिल्लीचं पाळण्यातलं नाव अकिलीज. लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या पलीकडे बर्कनहेड आहे. तिथे कॅमल लेअर्डच्या गोदीत १९३१ साली हे जहाज बांधायला घेतलं, १ सप्टेंबर १९३२ ला ते पाण्यात उतरलं आणि ऑक्टोबर १९३३ मध्ये ब्रिटिश नौदलात दाखल झालं. जात लिअँडर. लिअँडर, नेपच्यून, ओरायन, अजॅक्स आणि अकिलीज अशी ही पाच भावंडं.

हे जहाज असंच का बांधलं, ते आधी समजून घ्यावं लागेल. पहिल्या महायुद्धानंतर बड्या देशांनी एकमेकांच्या आरमारांवर करारांची वेसण घातली. १९२२ च्या वॉशिंग्टन करारात ठरलं की क्रूझर, म्हणजे दूर पल्ल्याची मध्यम लढाऊ नौका, १०,००० टनांच्या वर नको आणि तिची तोफ ८ इंचांच्या वर नको. मग प्रत्येकजण बरोबर १०,००० टनांच्या आणि ८ इंची तोफांच्याच क्रूझर बांधायला लागला. ब्रिटनला ते परवडणारं नव्हतं. त्यांचं धान्य, मांस, लोकर, तेल, सगळं समुद्रावरून यायचं आणि तो समुद्र पृथ्वीभर पसरलेला. त्यांना थोड्या बलाढ्य जहाजांपेक्षा पुष्कळ मध्यम जहाजं हवी होती. १९३० च्या लंडन करारात क्रूझरच्या एकूण वजनावरच मर्यादा आली. ठरलेल्या पगारात मोठं कुटुंब चालवायचं, तसा हा हिशोब झाला. त्यातून लिअँडर निघाली. वजन सुमारे ७,००० टन, लांबी १६९ मीटर, सहा इंची आठ तोफा, पाणतीर म्हणजे टॉर्पेडो सोडायच्या आठ नळ्या, ७२,००० अश्वशक्ती, वेग साडेबत्तीस नॉट, म्हणजे ताशी सुमारे साठ किलोमीटर.

एवढं सगळं ७,००० टनांत बसवायचं तर कुठेतरी हात आखडावा लागणार. आराखडा काढणाऱ्यांनी दारूकोठारांना बऱ्यापैकी चिलखत दिलं, यंत्रांच्या बाजूने सुमारे तीन इंची पट्टा दिला. पण तोफांच्या बुरुजांना जेमतेम एक इंच. पंचवीस मिलीमीटर. ज्यात माणसं उभी राहून गोळे भरणार, त्या खोलीची भिंत एवढी. उंचावर नेम धरणारा मनोरा असतो, त्याला डायरेक्टर म्हणतात. त्याला तर त्याहून कमी. बॉयलर सगळे एकत्र, टर्बाइनच्या खोल्या त्यांच्या मागे. म्हणून या जहाजाला एकच रुंद धुराडं आहे. दिसायला फार देखणं. पण मधोमध एक पाणतीर बसला तर सगळी ताकद एकदम जाण्याचा धोका. पुढच्या सुधारित जहाजांत बॉयलर आणि टर्बाइन आळीपाळीने मांडले, म्हणून त्यांना दोन धुराडी आली. थोरल्या लिअँडरला जुलै १९४३ मध्ये सॉलोमन बेटांजवळ मधोमध पाणतीर लागला. ती बुडाली नाही, पण पुन्हा त्या युद्धात लढलीही नाही. आणि नेपच्यून १९४१ च्या डिसेंबरात त्रिपोलीजवळ सुरुंगांच्या पट्ट्यात सापडली. साडेसातशेहून जास्त माणसं गेली, एकच वाचला. त्यात दीडशे न्यूझीलंडचे होते.

न्यूझीलंडचं नाव निघालं, कारण १९३६ पासून अकिलीजही तिकडेच होती. ऑकलंड तिचं घर. तिच्यावरची निम्म्याहून जास्त माणसं न्यूझीलंडची होती. मेंढ्या राखणारी, दुकानांत काम करणारी, विशीतली पोरं. दुसरं महायुद्ध जाहीर व्हायच्या चार-पाच दिवस आधीच ती ऑकलंडहून दक्षिण अमेरिकेकडे निघाली होती.

तिकडे दक्षिण अटलांटिकमध्ये ग्राफ श्पे फिरत होती. जर्मनीची ही नौका म्हणजे आकाराने क्रूझर आणि तोफांनी जवळपास रणनौका. ११ इंची सहा तोफा, डिझेलची इंजिनं, त्यामुळे एकदा तेल भरलं की हजारो मैलांचा पल्ला. कप्तान हान्स लांग्सडॉर्फ. त्याने नऊ व्यापारी जहाजं बुडवली आणि त्या नऊ जहाजांवरचा एकही माणूस मरू दिला नाही. हे मी मुद्दाम सांगतो. लढाईची गोष्ट सांगताना समोरच्याची माणुसकी वगळायची नाही, असं मला वाटतं.

२ डिसेंबर १९३९ ला डॉरिक स्टार या जहाजाने बुडता बुडता वायरलेसवर हाक दिली. ती ऐकून तिथल्या ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख कमोडोर हेन्री हारवुड यांनी गणित मांडलं. ग्राफ श्पे आता दक्षिण अमेरिकेतल्या रिओ किंवा प्लेट नदीच्या मुखाकडे वळेल, प्लेटला आलं तर १३ तारखेच्या सकाळी येईल. ३,००० मैलांवरच्या एका हाकेवरून हा अंदाज! त्यांनी एक्झिटर ही मोठी क्रूझर आणि अजॅक्स, अकिलीज या दोन लहान प्लेटच्या मुखाशी गोळा केल्या. १३ डिसेंबरला सकाळी सव्वासहाला क्षितिजावर धूर दिसला.

आता आकडे बघा. ग्राफ श्पेचा एक गोळा ३०० किलोचा, अकिलीजचा ५१ किलोचा. ग्राफ श्पेच्या सहा मोठ्या तोफा एकदम सुटल्या की १,८०० किलो पोलाद. अकिलीजच्या आठही तोफा सुटल्या तर चारशेच्या आसपास. हारवुड यांनी युक्ती केली ती अशी की एक्झिटरला एका बाजूने पाठवलं आणि दोन लहान क्रूझर दुसऱ्या बाजूने, म्हणजे शत्रूला मारा वाटावा लागेल. लांग्सडॉर्फने एक्झिटरवर सगळा राग काढला. काही मिनिटांत तिचा पुढचा दुसरा, म्हणजे बी बुरूज गेला, ब्रिजवरची, म्हणजे जिथून जहाज हाकतात तिथली, बहुतेक माणसं गेली. कप्तान बेल मागच्या बाजूने, होडीतल्या होकायंत्रावर जहाज हाकत राहिले. एक्झिटरवर ६१ जण मेले.

एक्झिटरला उसंत मिळावी म्हणून अजॅक्स आणि अकिलीज जवळ घुसत होत्या. ६:४० च्या सुमारास एक ११ इंची गोळा अकिलीजच्या अलीकडे पाण्यात पडून फुटला. जहाजाला गोळा लागलाच नाही. लागल्या त्या किरचा. त्या थेट नेम धरणाऱ्या मनोऱ्यात शिरल्या, आखडत्या हाताने चिलखत दिलं होतं तिथेच. त्या सकाळी अकिलीजवरचे चारजण गेले. कप्तान पॅरी यांच्या दोन्ही पायांना जखमा झाल्या, तोफखान्याचे अधिकारी वॉशबर्न यांच्या डोक्याला.

त्या मनोऱ्यात क्षणभर डोकावून बघा. एखाद्या खोपटाएवढी जागा, त्यात दुर्बिणी, डायल, बोलनळ्या. मेलेले आणि जखमी एकमेकांवर पडलेले. वॉशबर्न शुद्धीवर आले आणि पुन्हा नेम धरायला बसले. मरीन दलाचा सार्जंट ट्रिंबल गंभीर जखमी होता. तो लढाईचा तासभर एक शब्द न काढता जागेवर उभा राहिला. लढाई संपल्यावर कळलं त्याला किती लागलंय ते. आणि डॉरसेट नावाचं एक पोर, वय इतकं कमी की नौदलाच्या कागदोपत्री त्याचा हुद्दाच 'बॉय'. तो तोफांकडे माहिती पोचवत होता, तोफांकडून आलेलं स्पष्ट आवाजात परत सांगत होता. जहाजभर बातमी पसरली होती की डॉरसेट गेला. नळीवर तो ठासून सांगत होता, मी जिवंत आहे. कप्तान पॅरींच्या अहवालात हे नोंदलेलं आहे.

खाली बुरुजांतही सोपं नव्हतं. सहा इंची तोफ हाताने भरायची, एकेक गोळा एक्कावन्न किलोचा, मागे दारूची वेगळी थैली. पोरं कमरेवरचे कपडे काढून भरत होती. साठ-सत्तर फैरींनंतर नळ्या इतक्या तापल्या की धक्क्याने मागे आलेली तोफ आपोआप पुढे जाईना, तिला ढकलावं लागलं. वायरलेस बिघडल्याने अजॅक्सशी जुळवलेला मारा तुटला तो वेगळाच. तरी सुमारे ऐंशी मिनिटांत अकिलीजने १,२०० हून जास्त गोळे सोडले. आणि हे सगळं होताना डोलकाठीवर न्यूझीलंडचं निशाण होतं. लढाई सुरू होताच एक खलाशी ते घेऊन धावत गेला होता, "डिगरच्या निशाणाला वाट द्या" असं ओरडत. डिगर हे तिकडच्या सैनिकांचं लाडकं नाव.

पुढचं तुम्ही ऐकलं असेल. ग्राफ श्पे मोंटेव्हिडिओ बंदरात शिरली. उरुग्वेने तिला ७२ तास दिले. बाहेर मोठं आरमार जमलंय अशी हूल इंग्रजांनी पद्धतशीर उठवली होती. १७ डिसेंबरला लांग्सडॉर्फने जहाज नदीच्या मुखात नेऊन स्वतःच उडवलं आणि दोन-तीन दिवसांत ब्युनोस आयर्सला स्वतःला गोळी घातली. अकिलीज फेब्रुवारीत ऑकलंडला परतली तेव्हा रस्त्यांवर लाखभर माणसं होती.

तर बुरूज. तो गेला ५ जानेवारी १९४३ ला. सॉलोमन बेटांतल्या ग्वाडलकनालच्या दक्षिणेला अकिलीज अमेरिकी क्रूझरांबरोबर होती, तेव्हा जपानी विमानं सूर मारून आली. मागच्या दोन बुरुजांची नावं एक्स आणि वाय. एक बॉम्ब बरोबर एक्स बुरुजावर पडला. एक इंच पोलादाने काय होणार? तेराजण जागच्या जागी गेले. आराखडा काढणाऱ्यांनी १९३० साली वजन वाचवलं ते जहाजांशी लढताना चालून जाईल असं धरून. वरून येणाऱ्या बॉम्बचा विचार तेव्हा कुणाच्याच कागदावर पुरेसा नव्हता. त्यांना मी दोष देत नाही. पण हिशोब चुकला की त्याची भरपाई कोण करतं, ते दिसतं.

दुरुस्तीसाठी जहाज पोर्ट्समथला गेलं. तिथे २२ जून १९४३ ला तळाच्या टाक्यांमध्ये स्फोट झाला आणि गोदीतले चौदा कामगार मेले. बॉम्बने मेलेल्या नौसैनिकांपेक्षा हा आकडा मोठा आहे. लढाईच्या पुस्तकांत त्यांना एक ओळ मिळते. माझे वडील अशाच टाक्यांत उतरायचे, हातात दिवा घेऊन, म्हणून मी तिथे थांबतो.

एक्स बुरूज पुन्हा बसवला नाही. त्या जागी विमानविरोधी तोफा आल्या. फोटोतली मोकळी जागा ती हीच. जहाज परत पॅसिफिकमध्ये गेलं, ओकिनावाकडच्या लढाया पाहून १९४६ मध्ये ब्रिटनला परत केलं गेलं.

आणि ५ जुलै १९४८ ला ते आपलं झालं. नव्या देशाच्या आरमाराला मोठं जहाज हवं होतं आणि तिजोरीत फारसं काही नव्हतं. पंधरा वर्षं वापरलेलं, तीन बुरुजांचं, पण दूर पल्ल्याचं आणि भक्कम यंत्रांचं. नाव दिल्ली. सप्टेंबरात ते मुंबईला आलं. त्याचे पहिले कप्तान इंग्रज होते, पण त्यांच्या हाताखालचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी रामदास कटारी. हेच कटारी दहा वर्षांनी नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. १९५० मध्ये पंडित नेहरू याच जहाजातून इंडोनेशियाला गेले. प्लेटच्या लढाईवर विलायतेत चित्रपट निघाला, तेव्हा अकिलीजचं काम दिल्लीनेच केलं. आपल्या खलाशांनी तेच जहाज कॅमेऱ्यासमोर नेलं.

दिल्लीच्या तोफा खऱ्या अर्थाने पुन्हा बोलल्या त्या १८ डिसेंबर १९६१ ला. गोवामुक्तीच्या वेळी म्हैसूर ही दुसरी क्रूझर अंजदीव बेटाकडे होती आणि दिल्ली दीवसमोर. दीवच्या जुन्या पोर्तुगीज किल्ल्यावर तिने मारा केला. प्लेटच्या लढाईला बावीस वर्षं आणि पाच दिवस झाले होते. बुरुजांत आता आपली पोरं होती, गोळा तोच एक्कावन्न किलोचा, भरायचा तसाच हाताने. कोकणातल्या किती घरांत या जहाजाच्या आठवणी असतील! कुणाकडे पत्रं, फोटो असतील तर ते रद्दीत देऊ नका, कुणातरी जाणत्याला दाखवा, ही माझी हात जोडून विनंती आहे.

१९६९ मध्ये दिल्ली सदिच्छा भेटीला ऑकलंडला गेली, आपल्या माहेरीच म्हणा ना. शेवटी प्रशिक्षणाचं काम करून ३० जून १९७८ ला मुंबईत ती निवृत्त झाली आणि मोडीत निघाली. आता माझगाव डॉकमध्ये बांधलेली विनाशिका १९९७ पासून ते नाव चालवते.

मोडताना एक मात्र चांगलं झालं. मागचा उरलेला वाय बुरूज भारताने न्यूझीलंडला भेट दिला. तुमच्यापैकी कुणाची मुलं-नातवंडं ऑकलंडला असतील आणि तुम्ही त्यांच्याकडे गेलात, तर शहराच्या धक्क्यावरून डेव्हनपोर्टची फेरीबोट पकडा. दहा-बारा मिनिटांत पलीकडे. तिथल्या नौदल तळाच्या दाराशी तो उभा आहे. त्याच्याजवळ जा आणि त्याच्या भिंतीवर हात ठेवून बघा.