रेबीज: लस दंडात दिली, मग जखमेत इंजेक्शन कशासाठी?

नमस्कार मंडळी. कुत्रा चावल्यावर लस दंडात दिलेलीच असते, मग जखमेत पुन्हा सुया का टोचतात, हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला आहे की आज केवळ त्याविषयीच बोलतो.

रेबीजचा विषाणू पाचच प्रथिने तयार करतो आणि त्यांपैकी ग्लायकोप्रोटीन हे एकच त्याच्या बाह्य आवरणावर असते. त्याच्या आधारे तो चेतापेशीत शिरतो आणि मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकतो.

‘अँटिबॉडी विषाणूला मारतात’ असे अनेक जण लिहितात आणि ते वाचून मला फार काळजी वाटते, कारण अशा समजुतीमुळेच माणसे ‘उद्या बघू’ म्हणतात. अँटिबॉडी, म्हणजेच प्रतिपिंडे, मुख्यतः ग्लायकोप्रोटीनला चिकटून त्याचा पेशीला धरणारा भाग झाकतात. आवरणाच्या आतील न्यूक्लिओप्रोटीनविरुद्धही शरीर प्रतिपिंडे बनवते, परंतु आवरण शाबूत असेपर्यंत ती तेथवर पोहोचत नाहीत, म्हणून विषाणूचा प्रवेशही अडवू शकत नाहीत. प्रत्यक्ष नाश करतो तो साबण, कारण तो विषाणूचे स्निग्ध आवरणच विरघळवतो. म्हणून जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवायची. प्रतिपिंडे फक्त झाकतात, आणि विषाणू पेशीबाहेर आहे तोवरच त्यांना झाकता येते.

माझ्या आतेभावाच्या पोटरीला कुत्रा चावून रक्त आले, तेव्हा पहिल्या दवाखान्याने केवळ लस देऊन त्याला घरी पाठवले होते. लसीमुळे शरीराची स्वतःची पुरेशी प्रतिपिंडे तयार होण्यास साधारण एक ते दोन आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस विषाणू थांबत नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रुग्णालयात त्याच्या जखमेत आणि तिच्याभोवती तयार प्रतिपिंडे टोचली, तेव्हा कुठे आत्याचा जीव भांड्यात पडला. ही प्रतिपिंडे पूर्वी घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातूनच मिळवावी लागत. आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींपासून बनवलेली, थेट ग्लायकोप्रोटीनलाच धरणारी प्रतिपिंडेही उपलब्ध आहेत.

पूर्वी लसीचा पूर्ण क्रम घेतलेल्यांनी काय करावे, असेही एका ताईंनी विचारले आहे. त्यांच्या शरीराला ग्लायकोप्रोटीनची ओळख असल्याने प्रतिपिंडे झपाट्याने वाढतात. म्हणून त्यांना जखमेतील इंजेक्शन लागत नाही, मात्र लसीचे पुढील डोस लागतातच, आणि त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे.