48 हजारांतली पत्र्याची पेटी

[दृश्य: सकाळ. माणदेशातलं एक गाव. ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीचं कुलूप उघडतंय.]

या खोलीचं दार रोज सकाळी आठला उघडतं. उघडणाऱ्याला महिन्याला दोन हजार रुपये मिळतात. तेही दर महिन्याला हातात पडत नाहीत. अनुदानाचा हप्ता जमा झाला की मग एकदम.

‘ड’ वर्गाचं हे सार्वजनिक वाचनालय. गावाचं नाव आम्ही घेत नाही, ग्रंथपालाचंही नाही. त्यानंच बजावलंय, “नाव टाकू नका, पुढच्या तपासणीला उगाच विषय निघतो.”

तमिळनाडूत मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर घेतात. आपल्याकडे तसा कर नाही. 1967च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं वेगळी वाट धरली: गावातल्या माणसांनी संस्था काढायची, पुस्तकं जमवायची, मान्यता मागायची, मग सरकार अनुदान देणार. अशी मान्यता असलेली 11 हजारांहून जास्त वाचनालयं आज राज्यात आहेत. अ, ब, क आणि ड असे त्यांचे वर्ग. ड ही शेवटची पायरी. 2012 नंतर बरीच वर्षं वर्ग बदलून मिळणंच थांबलं होतं, त्यामुळे जो ड मध्ये होता तो ड मध्येच राहिला.

[दृश्य: हिशेबाची वही. बोट रकान्यांवरून फिरतंय.]

2022 मध्ये अनुदान 60 टक्क्यांनी वाढलं. ‘ड’चे 30 हजार होते, ते 48 हजार झाले. वर्षाला. आम्ही गेलो तेव्हा या वहीत तोच आकडा होता. निम्मे पगाराला, म्हणजे तेच महिन्याचे दोन हजार. उरले 24 हजार. त्यात पुस्तकं, मासिकं, चार वर्तमानपत्रं, वीजबिल, कपाटाची डागडुजी. नुसती वर्तमानपत्रंच सहा-सात हजार खातात.

आता यात लोकांसाठी काही करायचं म्हटलं तर?

कागदावर सोपं आहे. 12 ऑगस्टला ग्रंथपाल दिन, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. टेबलावर चादर, प्रतिमेला हार, पुस्तकांची मांडणी, शाळेची रांगेत उभी केलेली पोरं, फोटो. फोटो फाइलला लागला की कार्यक्रम झाला. असे फोटो आम्ही बऱ्याच वाचनालयांत पाहिले. कित्येकदा चादरही एकच वाटावी.

कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान, 1972 पासूनचं, पुस्तकांखेरीज प्रदर्शनं, चर्चासत्रं आणि बालविभागालाही मदत देतं. पण अर्ज, ठराव, हिशेब, जोडपत्रं हे सगळं करायला माणूस लागतो. इथे माणूस एकच, आणि सकाळी झाडूही तोच मारतो.

[दृश्य: निळ्या रंगाची पत्र्याची पेटी. झाकणाला कडी. आत पंचवीस पुस्तकं.]

ही पेटी त्याच्या घरची. बहिणीच्या लग्नात आणलेली, नंतर अडगळीत पडलेली. रंगाला साडेतीनशे रुपये गेले. वाचनालयाच्या खर्चात पेटीची नोंद एवढीच.

दर महिन्याच्या दहा तारखेला वाडीवर बचत गटाची बैठक असते. पेटी सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं आवळून तो तिथे जातो. आधी हप्ते गोळा होतात, अंगठे-सह्या होतात, मग पेटी उघडते. गटातल्या निम्म्या बायका अडखळत वाचतात, दोघी-तिघी वाचतच नाहीत. म्हणून तो मोठ्यानं वाचतो. एका बैठकीला दहा-बारा पानं. उरलेली पुस्तकं घरोघर जातात, बहुतेक सुनांच्या आणि पोरींच्या हाती.

“बाळा, त्या विहिरीवाल्या बाईचं काय झालं रं?” आक्का बसायच्या आधीच विचारतात.

“आक्का, आधी चहा तर घेऊ द्या.”

हा चहा हीच खरी अडचण. गेल्या वर्षी त्यानं बैठकीच्या चहाचे पैसे कार्यक्रम खर्चात धरले. पावती कुठाय, असं विचारलं गेलं. वाडीवरच्या चुलीवर उकळलेल्या चहाची पावती कोण देणार? तेव्हापासून चहा गटाकडून आणि साखर आक्कांकडून.

छोट्या अनुदानाचं आम्हाला दिसलेलं दुखणं हेच. रक्कम लहान आहे हे तर खरंच. पण ज्या खर्चानं माणसं जवळ येतात त्याला पावती नसते, आणि ज्याला पावती असते त्यासाठी माणसं येतीलच असं नाही. वर्षाला चार-पाच हजार ‘वाचकांसाठी’ एवढं एकच शीर्षक लावून मोकळे सोडले असते, तर त्यानं दुसरी पेटी केली असती. तसं तो म्हणत नाही, आम्हीच म्हणतोय. तो म्हणतो, “हप्ता वेळेवर आला तरी पुष्कळ.”

दुसरा हप्ता मार्चअखेरीस येतो आणि मग पुस्तक खरेदीची एकच घाई उडते. निवडायला वेळ नसतो. गठ्ठे येतात, शिक्के बसतात, दाखल नोंदवहीत क्रमांक पडतात. त्या गठ्ठ्यात आक्कांना हवं ते असेल की नाही, हा नशिबाचा भाग.

[दृश्य: वाडीवरचा ओटा. दुपार. पुस्तक उघडं.]

विहिरीवाल्या बाईच्या पुस्तकाला शेवटची आठ पानं नाहीत. कुणीतरी कधीच फाडून नेलीत. ग्रंथपालानं नोंदवहीत लिहिलंय: ‘शेवटची पाने गहाळ’. तरी तो ते वाचत होता, कारण सुरुवातच सगळ्यांना धरून ठेवणारी होती. आज पानं संपली आणि ओट्यावर गलका झाला. ती माहेरी गेली असणार, असं एकीचं म्हणणं. दुसरीनं तिला अडवलं: माहेर असतं तर विहिरीपाशी आली असती का? बचतीची पासबुकं तशीच पडून राहिली.

“हप्ता आला की नवी प्रत घेऊ,” तो म्हणाला.

आक्कांनी हात हलवला. “त्येच कशाला परत? दुसरं आण. ह्याचा शेवट लावलाय आम्ही.”