कोड 92

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'सर्वेक्षणांतून दिसणारा बदलता समाज', त्यावर येतेच, पण आधी एक गोष्ट सांगते, ती सांगितल्याशिवाय मला पुढं बोलताच येत नाही.

कॉलेजात असताना सुट्टीत मी सर्व्हेच्या कामाला जायचे, जुन्नरकडं. एका घरी मालक ओट्यावर बसलेले आणि काकू नुकत्याच कांदा खुरपून आलेल्या, नखांत माती, पदर तसाच खोचलेला, खुरपं अजून हातात. मी विचारलं, काकू तुम्ही काय काम करता? म्हणाल्या, "मी काय नाय करत बाई, घरीच असते." मालक म्हणाले, लिहा, घरकाम. आणि मी लिहिलं, कोड 92. आता ज्यांनी फॉर्म भरलेत त्यांना माहितीय, 92 म्हणजे फक्त घरकाम, आणि घरच्याच शेतात बिनपगारी राबणाऱ्याला आहे कोड 21. 21 वाली कामगार धरतात, 92 वाली धरतच नाहीत. संध्याकाळी सुपरवायझरना म्हटलं, सर, उद्या परत जाऊन नीट विचारते, तर म्हणाले नवऱ्यानं सांगितलंय ना, मग झालं, अजून किती फॉर्म राहिलेत बघ. इतकी वर्षं झाली, मला त्याचा अजून राग येतो.

इथं किती जणांच्या आईनं कधीतरी "घरीच असते" असं सांगितलंय, हात वर करा बरं. बघा, अख्खा हॉल! मागच्या रांगेत हसू नका, तुमचेही हात वर आहेत.

चिठ्ठी आलीय, दहाच मिनिटं राहिलीत, तर आता पटापट.

सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात 15 वर्षांवरच्या बायकांचा श्रमबलातला सहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या बायका, 2017-18 ला 23.3 टक्के होता, 2023-24 ला 41.7. माझं मत असं की यात काही बायका नव्यानं कामाला लागल्या, आणि काही आधीपासून राबतच होत्या, त्या आत्ता कुठं नोंदीत आल्या.

दुसरं, वेळेच्या वापराचं सर्वेक्षण. ते मला फार आवडतं, कारण त्यात काम करता का असं विचारून सोडून देत नाहीत, काल पहाटे 4 पासून आज पहाटे 4 पर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाला काय केलं ते विचारतात. तिथं "घरीच असते" चालतच नाही, पाचला धार काढली, सहाला चूल पेटवली असं सांगावंच लागतं. 2024 चा आकडा, ज्यांनी बिनपगारी घरकाम केलं त्यांच्यात बायका दिवसाला 289 मिनिटं, पुरुष 88.

तिसरं, रिझर्व्ह बँकेचा ग्राहक विश्वास सर्व्हे. वर्षापूर्वीपेक्षा आत्ता कसं चाललंय आणि वर्षानं कसं असेल, असे प्रश्न. 100 ही मधली रेघ, वर आशा, खाली निराशा. मे 2021 ला, दुसऱ्या लाटेत, आत्ताचा आकडा 48.5 वर आला होता, तरी पुढच्या वर्षाचा 96 च्या आसपास! माणसं आशा सोडत नाहीत. पण तेव्हा विचारलं होतं फक्त 13 मोठ्या शहरांत, जुन्नरच्या काकू त्यातही नव्हत्या.

वेळ झाला. तुमच्यातले काही जण या मे महिन्यात फील्डवर जाणार आहेत असं कळलं, त्यांनी थोडं थांबा, चहा खाली लावलाय तिथं बोलू, ओट्यावरून उत्तर आलं तर काकूंना पुढचा प्रश्न कसा विचारायचा ते मला तुम्हाला दाखवायचंय.